जमिनीखालची ऊब : कोरियाचे ओंडोल

थंडीच्या दिवसांत घर उबदार कसे ठेवायचे? आपल्याकडे याचे उत्तर सोपे असते. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, गोधडी किंवा वाकळ अंगावर ओढायची आणि फारच गारठा असला तर दारापुढे शेकोटी करायची. शेकोटीपुढे बसले की तोंड भाजते आणि पाठ गारच राहते, हा अनुभव तर सर्वांचाच आहे. कोरिया देशातील सामान्य माणसाने मात्र फार प्राचीन काळी वेगळा विचार केला. त्याने विस्तव माणसासमोर न ठेवता माणसाच्या पायाखाली, घराच्या भुईखाली नेला. या रचनेला तिकडे 'ओंडोल' म्हणतात. तिचे दुसरे, अधिक जुने नाव 'गुदुल'. भाजलेला दगड असा त्या शब्दाचा अर्थ तिकडचे लोक सांगतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातील नऊ उपासक-उपासिकांचा गट कोरियातील बुद्ध विहार पाहण्यासाठी गेला होता. विहारांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण परतल्यावर आमच्या आयाबहिणींनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते तिथल्या जमिनीबद्दल. बाहेर पाणी गोठलेले असताना जमिनीवर झोपता कसे? खर्च किती येतो? आग लागत नाही का? म्हणून हा लेख त्या जमिनीविषयीच लिहीत आहोत.

चुलीचा वैल खोलीभर

आपल्या जुन्या चुलीला बाजूला वैल असतो. जाळ चुलीत घालायचा, भाकरी चुलीवर भाजायची आणि चुलीतून निघणाऱ्या उरलेल्या आचेवर वैलावरचे कालवण रटरटत ठेवायचे. एकाच सरपणात दोन कामे होतात. हा वैल स्वयंपाकघराच्या भिंतीतून पलीकडे नेऊन झोपायच्या खोलीच्या संपूर्ण भुईखाली पसरवला, अशी कल्पना वाचकांनी करावी. ओंडोल म्हणजे साधारण तेच.

कोरियातील जुन्या घरात स्वयंपाकघराची जमीन खोलीच्या जमिनीपेक्षा बरीच खोल असते. तिथे भिंतीशी चूल असते, तिला 'आगुंगी' म्हणतात. वर लोखंडी कढई बसवलेली, तिच्यात भात शिजतो. जाळ आणि धूर मात्र वर न जाता आडवा खोलीच्या खाली शिरतो. खोलीखाली दगड-मातीच्या बुटक्या भिंती घालून समांतर बोगदे केलेले असतात. त्या बोगद्यांवर सपाट दगडी फरशा, फरशांवर मातीचा थर, आणि मातीवर तेल पाजलेला जाड कागद. हा कागद पिवळसर, गुळगुळीत दिसतो आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. धूर बोगद्यांतून फिरत जातो, आपली उष्णता दगडांना देतो आणि घराच्या दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतो.

यात कारागिराचे डोके दिसते. चुलीजवळच्या फरशा जाड बसवतात आणि दूरच्या पातळ, म्हणजे जवळची जागा एकदम पोळत नाही आणि दूरची जागाही तापते. दगड तापायला वेळ घेतो, पण निवायलाही तेवढाच वेळ घेतो. संध्याकाळचा भात शिजताना दगडांत साठलेली ऊब रात्रभर हळूहळू वर येत राहते. उन्हाळ्यात खोली तापू नये म्हणून बाहेर अंगणात वेगळी चूल मांडत. आणि घराचा एक भाग लाकडी फळ्यांच्या उघड्या ओसरीचा असे, तो उन्हाळ्यातला बसण्या-उठण्याचा.

झोपडीतून राजवाड्यात

राजधानी सोलमधील ग्योंगबोकगुंग राजवाड्यात राणीच्या महालामागे एक लहान बाग आहे. बागेत नक्षीदार विटांचे सहाकोनी खांब उभे आहेत. शोभेचे खांब वाटतात, पण ती धुराडी आहेत. महालाच्या जमिनीखालून फिरलेला धूर जमिनीखालूनच बागेपर्यंत आणून तिथे सोडला जाई. राणीच्या नाकाला धूर लागू नये आणि डोळ्याला धुराडे खुपू नये, अशी ती व्यवस्था.

ही कला मुळात राजवाड्याची नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चीनच्या तांग राजवटीचा जो जुना इतिहासग्रंथ ९४५ साली पूर्ण झाला, त्यात त्या काळच्या गोगुर्यो राज्यातील लोकांचे वर्णन आहे. तिथे गरीब लोक पुष्कळ आहेत आणि ते हिवाळ्यात लांब चर करून त्याखाली विस्तव पेटवून ऊब घेतात, असे त्यात नोंदले आहे. म्हणजे लेखी इतिहासात ही पद्धत गरिबांची म्हणून येते. पुढे १३९२ साली सुरू झालेल्या जोसन राजवटीत ती हळूहळू वरच्या वर्गांत गेली. आधी मोठ्या वाड्यांत वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या खोलीपुरती, नंतर सगळ्या खोल्यांत. कष्टकऱ्याने शोधले, धनिकाने नक्षी काढली. जगात हे पुष्कळदा घडले आहे.

सात बुद्धांचा विहार

दक्षिणेस जिरिसान नावाचा मोठा डोंगर आहे. त्याच्या हादोंग भागातील उतारावर 'छिलबुल्सा' हा विहार आहे. नावाचा अर्थ सात बुद्धांचा विहार. गाया राज्याचा राजा सुरो याच्या सात पुत्रांनी इथे ज्ञान मिळवले, अशी विहाराची परंपरा सांगते. या राजाची राणी हो ह्वांग-ओक ही समुद्रमार्गे 'आयुता' नावाच्या देशातून आली, अशी कथा इर्योन या भिक्षूने तेराव्या शतकात लिहिलेल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात आहे. आयुता म्हणजे भारतातील एखादे ठिकाण असे पुष्कळ कोरियन लोक मानतात. इतिहासकारांत त्यावर एकमत नाही. पण आम्ही भारतातून आलो हे कळताच तिथल्या वृद्ध उपासिकांनी आमचे हात हातात घेतले, ते याच कथेमुळे.

या विहारातील ध्यानाची खोली ओंडोलसाठी प्रसिद्ध आहे. चिनी लिपीतील एका अक्षराच्या आकारावरून तिला 'आजाबांग' म्हणतात. चारही कोपऱ्यांत ध्यानाला बसण्याचे उंच ओटे आणि मधे अधिक चिन्हासारखी खोलगट वाट, अशी तिची बांधणी. वरचे ओटे आणि खालची वाट दोन्ही सारखेच तापतात. सिल्ला राजवटीच्या अखेरच्या काळात, राजा ह्योगोंग (८९७ ते ९१२) याच्या वेळी दामगोंग नावाच्या भिक्षूने ती बांधली, असे सांगतात. १९४९ च्या सुमारास जिरिसान परिसरातील लढाईत विहार जळाला, नंतर पुन्हा बांधला गेला. २०२३ साली कोरियाच्या सरकारने या ओंडोलला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. संपूर्ण 'ओंडोल संस्कृती'ला तो मान २०१८ सालीच मिळाला होता.

एकदा विस्तव घातला की ही खोली कित्येक आठवडे ऊबदार राहत असे, अशी दंतकथा आहे. कोणी ४९ दिवस म्हणतात, कोणी १००. तथागतांनी आपल्याला ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला शिकवले आहे, म्हणून आम्हीही ती तशीच उचलत नाही. पण दगड-मातीचा जाड थर उष्णता साठवतो आणि सावकाश सोडतो, एवढा भाग पक्का शास्त्रीय आहे. दंतकथेतील दिवस कमी केले तरी कारागिराचे कौशल्य कमी होत नाही.

इथे विनयपिटकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चुल्लवग्गात 'जंताघर' म्हणजे तापवलेल्या स्नानगृहाचे वर्णन येते. वैशालीत भिक्षूंच्या प्रकृतीसाठी वैद्य जीवकाने चंक्रमण आणि जंताघर या दोन गोष्टींची विनंती केली आणि तथागतांनी ती मान्य केली. लहान जंताघरात विस्तव एका बाजूला असावा, मोठ्यात मधोमध, आणि धूर बाहेर जाण्यासाठी 'धूमनेत्त' म्हणजे धुराची नळी असावी, इतका बारीक विचार तिथे केलेला आहे. शरीराला विनाकारण छळणे हा धम्म नव्हे. देह निरोगी ठेवायचा आणि धुराला वाट करून द्यायची, हा साधा, व्यवहारी मार्ग आहे.

मानाची जागा आणि तराजू

जुन्या ओंडोल खोलीत सगळी जमीन सारखी तापत नसे. चुलीजवळच्या गरम टोकाला 'आरेन्मोक' म्हणजे खालची जागा म्हणत, दूरच्या गार टोकाला 'विन्मोक' म्हणजे वरची जागा. गंमत अशी की मान खालच्या जागेला. आजी-आजोबा, पाहुणे तिथे बसत. उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी भाताचा झाकलेला वाडगा त्याच जागी गोधडीखाली ठेवत, म्हणजे तो कामावरून येईपर्यंत भात गरम राही. ही आठवण तिकडच्या पन्नाशी-साठीच्या प्रत्येक माणसाला आहे. गिरणीची तिसरी पाळी करून आलेल्या बापासाठी भाकरी झाकून ठेवणाऱ्या आपल्या आया आम्हाला आठवल्या.

घरातला हा मान प्रेमाचा होता. समाजातील मान मात्र तसा नव्हता. जोसन काळात 'बेक्जोंग' नावाचा समाज होता. जनावरे कापणे, कातडे कमावणे, बुरुडकाम करणे ही त्यांची कामे. त्यांना गावाबाहेर राहावे लागे, कौलारू घर बांधण्याची आणि रेशीम नेसण्याची बंदी असे. त्या राजवटीत बौद्ध भिक्षूंनाही हीन लेखून राजधानीत प्रवेश नाकारला होता, तो १८९५ मध्ये खुला झाला. १८९४ साली कायद्याने बेक्जोंगांवरील बंधने उठली, पण वागणूक बदलली नाही. तेव्हा १९२३ च्या एप्रिल महिन्यात छिलबुल्साच्याच प्रांतातील जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ तराजू समतोल करणारी सभा. कातडे आणि मांस तोलणाऱ्या हातांनी माणसामाणसांतला तराजू सरळ करायचे ठरवले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे. दोन्हीकडच्या लोकांची भेट झालेली नसताना दोन्हीकडे एकाच काळात माणूस जागा झाला. जिंजूमधील या चळवळीच्या स्मारकापुढे आम्ही सर्वांनी मिळून अभिवादन केले.

डोंगर बोडके झाले, मग माणसे गुदमरली

ओंडोलचे गुण सांगताना दोष झाकणे बरोबर नाही. घरोघरी रोज दोनदा जाळ म्हणजे डोंगरावरची झाडे रोज तुटणार. कोरियाचे डोंगर विसाव्या शतकाच्या मध्यास बोडके झाले होते. इतर कारणांबरोबर परकीय सत्तेची लूट आणि १९५० ते १९५३ चे युद्ध होतेच, पण सरपण हेही मोठे कारण होते. १९७३ पासून सरकारने मोठी वृक्षलागवड मोहीम चालवली आणि ते डोंगर पुन्हा हिरवे झाले. झाडे वाचण्याचे एक कारण हे की घराघरांत लाकडाऐवजी कोळसा आला होता.

हा कोळसा म्हणजे 'यॉन्थान'. कोळशाच्या भुकटीची गोल, उभी, आरपार भोके असलेली वडी, वजनाला साडेतीन किलोच्या आसपास. ती तासन्‌तास मंद जळते, स्वस्त पडते. पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. भुईला बारीकशी चीर असली तरी तो झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरे. १९६० आणि १९७० च्या दशकांत दरवर्षी शेकडो माणसे अशी झोपेतच गेली. त्यांत भाड्याच्या लहान खोल्यांतून राहणारे कामगार आणि विद्यार्थी पुष्कळ. वायू लागलेल्या माणसाला मुळ्याच्या लोणच्याचे आंबट पाणी पाजत. त्याने काही होत नसे. खरा उपाय मोकळी हवा आणि दवाखान्यातला प्राणवायू. जिथे ज्ञान पोहोचत नाही तिथे अंधश्रद्धा आधी पोहोचते, हे दोन्ही देशांत सारखेच.

आजही कोरियातील काही गरीब वस्त्यांत यॉन्थान जळतो. हिवाळा आला की स्वयंसेवक रांग करून, हातोहात वड्या चढणीवरच्या घरांपर्यंत पोहोचवतात. श्रीमंत देशातही ऊब सर्वांना सारखी मिळत नाही.

पाइपातले पाणी आणि विजेचा हिशेब

आजच्या कोरियन घरात धूर नाही. जमिनीखाली प्लास्टिकच्या पाइपांचे वेटोळे असते, वर सिमेंटचा थर, त्यावर लाकडी दिसणारे आवरण. बंबासारखे काम करणारा गॅसचा बॉयलर पाणी तापवून त्या पाइपांतून फिरवतो. पाइप सगळ्या खोलीत वळसे घेत असल्याने जमीन जवळपास सारखी तापते, मानाचे टोक आणि गार टोक असा भेद राहत नाही. मोठ्या शहरांत कित्येक इमारतींना वीजकेंद्रातील वाया जाणाऱ्या उष्णतेवर तापलेले पाणी थेट पाइपाने येते. त्यासाठीचे सरकारी महामंडळ १९८५ पासून काम करते.

यात बचत कुठे होते? युरोपातील भिंतीवरच्या लोखंडी तापकांना ६० ते ७० अंश गरम पाणी लागते, कारण त्यांचा पृष्ठभाग लहान. इथे संपूर्ण जमीनच तापक असल्याने ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते. पाय आणि अंग थेट उबेला लागल्याने खोलीतील हवा एक-दोन अंश गार असली तरी थंडी वाजत नाही. गरम हवा छताशी जाऊन बसण्याचा तोटाही कमी होतो.

कमी गरम पाण्याचा आणखी एक फायदा आहे. बॉयलरच्या धुरात पाण्याची वाफ असते. परत येणारे पाणी ५५ अंशांपेक्षा गार असेल तर त्या वाफेचे पाणी होते आणि तिच्यातली उष्णता परत वापरता येते. असेच बॉयलर बसवण्याची सक्ती सोलसह कोरियाच्या मोठ्या भागात एप्रिल २०२० पासून आहे.

विजेवरच्या 'हीट पंपा'चे तसेच. हा पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज. तो बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घरात आणतो. पाणी दुसऱ्या मजल्यावर चढवायला कमी वीज लागते, पाचव्यावर चढवायला जास्त. उष्णतेचेही तसेच आहे. पाणी ३५ अंशांपर्यंतच न्यायचे असेल तर एका युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. तारेची कॉइल थेट तापवली तर एका युनिटला एकच युनिट मिळते.

दहा बाय बाराच्या खोलीतील सिमेंटचा थर साधारण एक टन भरतो. तो पाच अंशांनी तापवायला सुमारे दीड युनिट उष्णता लागते. कॉइलने दीड युनिट वीज जाईल, हीट पंपाने अर्ध्या युनिटच्या आसपास. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या वीजकेंद्रांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. मग त्या विजेची पुन्हा नुसती उष्णता करणे किती महाग, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

पण अट आहे. पाइपांखाली उष्णता अडवणारा थर नसेल तर ऊब धरणीत मुरते. खिडक्यांतून वारा येत असेल तर कितीही तापवा, व्यर्थ. जमीन सावकाश तापते, म्हणून ती पूर्ण बंद करून पुन्हा एकदम पेटवण्यापेक्षा बाहेर जाताना थोडी मंद ठेवतात. त्यासाठी भिंतीवरच्या यंत्राला 'बाहेर गेलो' असे वेगळे बटण असते. वापरात नसलेल्या खोलीचे पाणी बंद ठेवतात. जाड गाद्या आणि बिनपायांची कपाटे अंथरून जमीन झाकत नाहीत.

आपण काय घ्यावे

महाराष्ट्रात कुणाला जमिनीखाली पाइप घालायची गरज नाही. पण तीन गोष्टी घरी न्याव्यात अशा आहेत.

पहिली, बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर वारा खेळता हवा. डोके दुखणे, मळमळ, गुंगी वाटली तर दार उघडून माणसाला आधी बाहेर आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा. कोरियाने हा धडा हजारो जीव देऊन शिकला.

दुसरी, थंडी जमिनीतून वर येते. अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक खाली अंथरावी. पोते, चटई, त्यावर गोधडी, हा गरिबाचा उष्णतारोधक थर आहे.

तिसरी, जिथे अजून चूल आहे तिथे वैल रिकामा ठेवू नये. जाळ एक, कामे दोन. त्यात पैसा वाचतो, झाड वाचते आणि फुंकणीने फुंकणाऱ्या बाईचे डोळे वाचतात.

ऊब ही चैनीची वस्तू नाही, म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला ती औषधासारखी लागते. ती कमी इंधनात आणि जीव न घेता सर्वांना मिळावी, खोलीच्या एकाच टोकाला साचू नये, इतकीच मागणी आहे. समतेची मागणीही याहून निराळी नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.